झोप लागते का, एवढंच विचारू नका

(विद्यार्थ्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



तुमच्या पत्रकावर विषय छापलाय : विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे भावनिक स्वास्थ्य आणि त्याविषयीचे संशोधन. मी मॅट्रिक. गोदीत गोण्या वाहतो, कविता लिहितो. विद्यापीठाची इमारत मी मोर्चातून बघितलीय, आतून नाही. तेव्हा डॉक्टरासारखं बोलणं मला जमणार नाही. पण ओझं म्हणजे काय ते मला कळतं. गोण पाठीवर कशी ठेवली की माणूस चालतो आणि कशी ठेवली की त्याचा मणका जातो, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

मला सांगायचंय ते एकच. पोरापोरींच्या मनावर संशोधन आता बरंच चाललंय. पण संशोधन करणारा काय विचारतो आणि काय विचारायचं टाळतो, यावरच पुढं औषध ठरतं. म्हणून प्रश्न कोणते विचारायचे हे आपण ठरवलं पायजे. दुसऱ्यांनी छापून आणलेला फॉर्म भरून देणं म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका.

आधी आकडे घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२२ साली १३,०४४. म्हणजे रोज पस्तीस. आणि दोन्ही वर्षी यादीत सगळ्यात वर कोण? आपला पुरोगामी महाराष्ट्र. त्या तक्त्यांत राज्य आहे, वय आहे, बाई की पुरुष ते आहे, कारणांची लांबलचक यादी आहे : परीक्षेत नापास, प्रेमप्रकरण, आजारपण, घरची भांडणं. जातीचा रकाना तेवढा नाही. पाळण्यापासून मसणवट्यापर्यंत ज्या देशात जात माणसाची पाठ सोडत नाही, त्या देशात मेलेला विद्यार्थी मात्र एकदम बिनजातीचा होतो!

डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत सरकारला नेमकं विचारलं गेलं, तेव्हा उत्तर द्यावं लागलं. २०१४ ते २०२१ या काळात आयआयटी, आयआयएम, केंद्रीय विद्यापीठं अशा केंद्राच्या संस्थांतल्या १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत २४ अनुसूचित जातींचे, ३ जमातींचे, ४१ इतर मागासवर्गीय. हिशेब करा, निम्म्याच्या वर जातात. मग डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक उत्तर आलं : पाच वर्षांत या संस्थांतून आपल्या तिन्ही वर्गांतले १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. सरकार म्हणतं, पोरांपुढं पर्याय पुष्कळ असतात, ती दुसरीकडं जातात. जात असतील काही. पण बॅग भरताना त्या पोराला, बाबा का चाललास, असं विचारायला कोण गेलं होतं?

सांगायचा मुद्दा, विचारलं म्हणून कळलं. नसतं विचारलं तर आजही अंधारच.

आता कोर्टही जागं झालंय. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्या या प्रश्नावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच वर्षी २५ जुलैला दुसऱ्या एका खटल्यात आदेश दिला की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक पायजेच. चांगलं झालं. मी नाक मुरडणार नाही. पण समुपदेशक आला, खुर्चीत बसला, समोर पोरगं बसलं. आता तो विचारणार काय?

जगभर नऊ प्रश्नांचा एक फॉर्म चालतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, भूक कशी, थकवा किती, कशात मन लागतं का. त्यातला एक प्रश्न असा की आपण हरलो, आपल्या माणसांच्या पदरी निराशा टाकली, असं वाटतं का. फॉर्म वाईट नाही. आजार ओळखायला तो कामाचा आहे. पण आपल्या पोराच्या जागी बसून हा प्रश्न वाचा. त्याच्या मागं आई धुणीभांडी करते, बाप नाक्यावर उभा राहतो, बहिणीची शाळा याच्या फीपायी सुटलेली. गावातून पहिलाच गेलेला. तो काय लिहिणार? 'रोज वाटतं' असंच लिहिणार. मग गुण जास्त येणार. मग त्याला सांगणार, बाळ, तुला नैराश्य आहे, दीर्घ श्वास घे, सकाळी चालायला जा, पेला अर्धा भरलेला बघ. आणि पेल्यात पाणी कुणी भरू दिलं नाही, ते राहिलंच विचारायचं.

दोस्तांनो, १९१७ सालचं बडोदं आठवा. कोलंबियातून आणि लंडनमधून शिकून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण संस्थानात नोकरीला जातो. एवढा शिकलेला माणूस त्या काळात देशात किती असतील? पण राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत पारशी नाव लावून त्याला दिवस काढावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली, तू कोण म्हणून दरडावलं, संध्याकाळच्या आत निघ म्हणाली. मित्रांच्या घरी विचारलं, तिथंही दार उघडलं नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता म्हणून ते बागेत जाऊन बसले. आपले बाबासाहेब. त्या बागेत त्यांच्या मनावर काय गुदरलं ते पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आता मला सांगा, त्या संध्याकाळी कुणी नऊ प्रश्नांचा फॉर्म घेऊन त्यांच्यापुढं गेला असता, तर काय निदान झालं असतं? झोप नाही, भूक नाही, मन लागत नाही. सगळं खरं. पण आजार कुणाला होता? बागेत बसलेल्या माणसाला, की घर नाकारणाऱ्या शहराला?

हे भावनेच्या भरात बोलत नाहीये. शास्त्रानं हे तपासून बघितलंय. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीची पोरं घेतली. काही सवर्ण, काही दलित. कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. पोरांची जात कुणी काढली नाही, तोवर दोघं बरोबरीत. मग दुसऱ्या खेपेला पोरांचं नाव, गाव, बापाचं नाव आणि जात सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचली. दलित पोरांची सुटलेली कोडी लक्षणीय घटली. मेंदू तोच, हात तेच, कोडं तसंच. मधल्या वेळात फक्त जात वाचली गेली. हा निबंध २००६ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलाय, हवा त्यानं वाचावा.

अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी १९९५ साली असंच काळ्या विद्यार्थ्यांबाबत दाखवलं. ही परीक्षा तुमची बुद्धी मोजणार आहे असं सांगितलं की काळी पोरं मागं पडायची. तसं सांगितलं नाही की तोच पेपर बरा सोडवायची. डोक्यावर नजर रोखलेली असली की निम्मं डोकं त्या नजरेशी झुंजण्यात खर्ची पडतं, उरलेल्यात गणित करायचं. १९७२ साली मुंबईत आपल्या थोरल्यांनी ब्लॅक पँथरवरून संघटनेचं नाव घेतलं ते काय उगाच? दुखणं एकाच घराण्याचं होतं.

आता घरचं बघा. मुंबईच्या आयआयटीत तिथल्याच अनुसूचित जाती-जमाती विद्यार्थी कक्षानं २०२२ साली पाहणी केली. ३८८ जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या ३७ टक्क्यांनी सांगितलं की आमची जात काढण्यासाठी आम्हाला प्रवेश परीक्षेची रँक विचारली जाते. बघा, पूर्वी आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे. आता रँक विचारतात. अस्पृश्यता इंग्रजी बोलायला शिकली! १२ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथं पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. अठरा वर्षांचा. घरच्यांनी जातीच्या छळाचं बोट दाखवलं. संस्थेच्या समितीला थेट पुरावा दिसला नाही, तिनं अभ्यासात मागं पडल्याचं कारण पुढं केलं. त्याच जुलैत संस्थेनं नियम लावले, की एकमेकांना रँक विचारणं योग्य नाही. म्हणजे रँक विचारणं निरुपद्रवी नव्हतं, हे कळत होतं ना? आणि अभ्यासात मागं पडणं हे कारण की परिणाम, हे त्या कोड्यांच्या प्रयोगापुढं बसून ठरवा.

२००७ सालचा थोरात समितीचा अहवालही आहे. दिल्लीच्या एम्समधला. प्रा. सुखदेव थोरात अध्यक्ष होते. भेटलेल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांपैकी ८४ टक्क्यांनी सांगितलं की प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आम्हाला न्यायानं गुण मिळत नाहीत. लेखी पेपरात नाव झाकता येतं. तोंडी परीक्षेत तोंड कसं झाकणार?

आणि पैसा. मनाच्या गोष्टी करताना पैशाचं बोलू नये असं शिकलेल्यांना वाटतं. आम्हा गोदीवाल्यांना तसं वाटत नाही. पगार लांबला की टोळीतला हसरा माणूस पण भुंकायला लागतो. रोहित वेमुला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात संशोधन करत होता. महिनोन्महिने त्याच्या फेलोशिपचे पैसे आलेले नव्हते. पाच जणांना होस्टेलमधून काढलं, थंडीत ती पोरं उघड्यावर झोपली. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. यात मनाचं किती, पैशाचं किती, जातीचं किती, हे तराजूत वेगवेगळं तोलून दाखवा बरं! आपल्या महाराष्ट्रात २०२३ साली बार्टीच्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसावं लागलं. ज्यांनी ग्रंथालयात बसायचं ते मैदानात. यांच्या स्वास्थ्यावर संशोधन करणाऱ्यानं पहिलं औषध लिहावं : हप्ता वेळेवर.

आता कुणी म्हणेल, मग डॉक्टर नको, गोळी नको, सगळं व्यवस्थेवर ढकला. नाही. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्यातही काही जण असं बोलतात. नैराश्य हा आजार आहे. टीबीसारखाच. टीबी झोपडपट्टीत जास्त होतो, कारण हवा नाही, अन्न नाही. म्हणून टीबी झालेल्याला गोळ्या द्यायच्या नाहीत काय? गोळ्याही द्यायच्या आणि हवेसाठी भांडायचंही. आमच्या वस्तीत पोरगं गप्प झालं की कुणी भगताकडं नेतं, कुणी 'नाटकं करतो' म्हणून थोबाडीत देतं, कुणी लग्न लावून टाकतं. ते बंद करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी उपचार हा हक्क दिलाय. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं हा कायदा धरून चालतो. त्याला शिक्षेऐवजी आधार द्या म्हणतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा फुकट नंबर आहे, टेली-मानस. रात्री तीन वाजताही लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येकानं पाठ करा. कवितेपेक्षा आधी.

आणि चळवळीला एक सांगतो. पोर गेलं की पोस्टर एका रात्रीत छापून होतं. मोर्चा निघतो, घोषणा होतात, कवी कविता म्हणतात. ते व्हायलाच पायजे. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एकीचा रोहित. दुसरीची पायल, आदिवासी मुसलमान घरातली डॉक्टर पोर, मे २०१९ मध्ये मुंबईत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली भेदभावाविरुद्ध नियम केले, समान संधी कक्ष काढायला सांगितले, ते पाळले जात नाहीत म्हणून या आया भांडायला उभ्या राहिल्या. पण त्यांच्या भांडणाचा अर्थ काय? पुढच्या आईवर ही वेळ येऊ नये हाच ना? मग पुढचं पोरगं आज कुठल्या होस्टेलच्या कुठल्या खोलीत एकटं बसलंय, ते शोधणं हे चळवळीचं काम आहे. मेलेल्याच्या फोटोला हार घालणारे शंभर आहेत. जिवंत माणसाचं दार ठोठावणारा एक पायजे.

हे आपल्याला नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं. बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं. त्यांना ठाऊक होतं, नुसता प्रवेश मिळवून भागत नाही. आपल्यासारखी चार माणसं शेजारच्या खाटेवर पायजेत. एकाला घरची चिठ्ठी आली की दुसऱ्यानं भाकरी वाढून ठेवायची. बागेत बसून ज्यानं ती संध्याकाळ काढली, त्यानं पुढं पोरांसाठी छप्परं उभारली. हेही संशोधनच होतं. दुखणं स्वतः भोगलं, कारण शोधलं, औषध काढलं.

आमच्या टोळीत पण तेच आहे. शंभर किलोची गोण एकटा माणूस स्वतःच्या पाठीवर घेऊ शकत नाही. दोघं उचलून देतात, तिसरा नेतो. नवा पोरगा आला की पहिले दिवस एक जुना माणूस त्याच्या मागं-पुढं असतो. पाय कुठं ठेव, श्वास कधी सोड, पाठ दुखली तर कुणाला सांग. पाठ दुखते म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही, कारण उद्या आपली दुखणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कॉलेजात तुम्ही अशी टोळी बांधा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एकानं पहिल्या वर्षाच्या दोघांना धरायचं. पहिल्या दिवशी फॉर्म भरण्यापासून पहिला पेपर हुकेपर्यंत.

आता तुमच्या पाहणीचं. झोपेचा प्रश्न राहू द्या. त्याच्या बाजूला हे लिहा :

स्कॉलरशिप कोणत्या महिन्यात आली? येईपर्यंत कुठून भागवलं, कुणाचं देणं झालं?

मेसमध्ये कुणाबरोबर जेवतोस? रविवारी कुणाबरोबर असतोस?

आडनाव, रँक, कोटा कुणी विचारला? विचारल्यानंतर वागणं बदललं का?

वर्गात कळलं नाही तर मराठीत विचारता येतं का? विचारलं तेव्हा कोण हसलं?

तोंडी परीक्षेत तुला किती वेळ दिला, शेजारच्याला किती?

घरी काय सांगतेस? काय सांगत नाहीस?

त्रास झाला तर कॉलेजात कुणाकडं जायचं? त्या माणसाचं नाव ठाऊक आहे? समान संधी कक्ष कुठल्या मजल्यावर आहे?

आणि शेवटचा, तो विसरू नका : जेव्हा बरं वाटलं, ते कशानं वाटलं?

शेवटच्या प्रश्नातून उपाय निघतील. कुणी म्हणेल बहिणीच्या फोननं, कुणी म्हणेल एका मास्तरनं नावानं हाक मारली म्हणून, कुणी म्हणेल जयंतीच्या ढोलानं. ते गोळा करा. मग विद्यापीठापुढं मागण्या घेऊन जा, हातात कागद घेऊन.

विचारायची पण रीत असते. नाव लिहून घेऊ नका. पोरींना पोरींनीच विचारायचं, एकटीला गाठून नाही. कुणाला बोलायचं नसेल तर चहा पाजून परत या. विचारून पळून जायचं नाही. जे निघेल ते त्याच होस्टेलमध्ये, त्याच वस्तीत परत येऊन मराठीत सांगायचं. आपल्या दुःखावर दुसऱ्यांनी पदव्या पुष्कळ घेतल्या, आपणही आपल्याच माणसांशी तेच करायचं काय? आणि कुणी जीव नकोसा झालाय असं बोललं, तर कागद बाजूला ठेवा. भाषण देऊ नका, 'असं बोलू नये' म्हणू नका. ऐका. त्याला एकटं सोडू नका. रात्रभर बसा, १४४१६ लावा, सकाळी डॉक्टरकडं सोबत जा, आणि आठ दिवसांनी पुन्हा जा. पाहणी राहिली तरी चालेल.

मला विद्यापीठाच्या आत जायला मिळालं नाही. तुम्ही आत आहात. आमच्या टोळीतल्या बऱ्याच जणांची पोरं येत्या वर्षांत तुमच्यामागून येतील. ती आत येतील तेव्हा दारात त्यांचं नाव विचारणारं कुणीतरी उभं असावं. फक्त नाव. एवढं काम तुम्ही अंगावर घ्या. कागद तयार करा, वाटण्या करा, येत्या रविवारपासून खोल्या धरा. सुटीच्या पाळीला मी येतो, सतरंजी घालायला आणि चहा आणायला.

जय भीम!